मागच्या सीटवरून

आमच्या सोसायटीत कुणाच्याही घरी जा, दाराजवळच्या चपलांच्या रॅकवर एक हेल्मेट दिसेल. घरात माणसं चार, गाड्या दोन आणि हेल्मेट एक. ते घरातल्या पुरुषाचं असतं, नाहीतर कॉलेजात जाणाऱ्या मुलाचं. बाई स्वतः गाडी चालवत असेल तर कधीकधी तिचंही असतं. पण जी फक्त मागे बसते, तिच्यासाठी म्हणून घेतलेलं हेल्मेट मी नाशकात फार थोड्या घरांत पाहिलंय.

मी मागे बसणारी. आधी वडिलांच्या लुनावर, मग नवऱ्याच्या मोटारसायकलवर, आता लेकीच्या स्कूटरवर. सिडकोतून शालिमार, पाथर्डी फाट्यावरून गंगापूर रोड, आणि सणावाराला वणी. गाडी शिकले होते, पण गोडी लागली नाही. त्यामुळे दुचाकीच्या सुरक्षिततेबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं ते मला नेहमी अर्धंच वाटतं. सगळा उपदेश हॅण्डल धरणाऱ्याला. वेग आवरा, ब्रेक तपासा, इंडिकेटर द्या. माझ्या हातात ना ब्रेक, ना इंडिकेटर. माझ्या हातात भाजीची पिशवी.

कायदा मात्र मला विसरलेला नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम १२९ पहिल्यापासून चालवणाऱ्याबरोबर बसणाऱ्यालाही हेल्मेट सांगतं. २०१९ च्या दुरुस्तीनं त्यात आणखी स्पष्टपणा आला: चार वर्षांच्या वरचा जो कुणी दुचाकीवर असेल, त्याच्या डोक्यावर भारतीय मानकांचं हेल्मेट हवं. नसेल तर केंद्राच्या कायद्यात हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना बाद. आता हे वाचून माझ्या बहिणीनं लगेच विचारलं, "परवाना कुणाचा? माझा तर नाहीच." प्रश्न रास्त आहे. मागचीनं हेल्मेट घातलं नाही म्हणून पोलीस मामांनी अडवलं तर पुढच्याचं तोंड वाकडं होतं आणि घरी येऊन बोलणी मागचीला बसतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात एक आकडा आहे. त्या वर्षी देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक अपघातात गेले. त्यांतले १४,३३७ गाडी चालवत नव्हते. मागे बसले होते. दर दहातले जवळपास तीन जण असे, की ज्यांनी ना वेग ठरवला, ना वळण.

नाशिककरांना २०२१ चा १५ ऑगस्ट आठवत असेल. त्या दिवसापासून शहर पोलिसांनी 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू केलं. पंपावर काय काय चाललं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. रांगेतल्या दुसऱ्याचं हेल्मेट उसनं घ्यायचं, पेट्रोल भरायचं, त्याला परत द्यायचं. पण मला त्यातली गंमत वेगळीच वाटायची. स्कूटरची टाकी बहुतेक वेळा सीटखाली. म्हणजे पंपावर पोचलं की मागची बाई आधी उतरून बाजूला उभी राहणार, पिशवी सांभाळत. पेट्रोल देणारा बघणार गाडीशी उभ्या असलेल्या डोक्याकडे. बाजूला उभं असलेलं डोकं कुणाच्या हिशेबात नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या मुख्यालयातून मागे बसणाऱ्यांवरही कडक कारवाई करा असा आदेश निघाला तेव्हा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे विनोद फिरले ते सगळे अंबाडा, गजरा आणि ब्यूटीपार्लरवरचे होते.

विनोद मलाही आवडतात. पण शेजारच्या मावशींचं झालं तेव्हापासून या विषयावरचे आवडत नाहीत.

मावशी-काका एका लग्नाहून परत येत होते. गाडी चाळिसाच्याही आत, काकांच्या पोटात चहाशिवाय काही नाही. एका कॉलनीच्या रस्त्यावर कुणीतरी डांबराचा ढीग ओतून गतिरोधक केला होता. ना पट्टे, ना पाटी, वर खांबावरचा दिवा गेलेला. काकांना तो अगदी शेवटी दिसला. त्यांनी हॅण्डल घट्ट धरलं, पाय रोवले, गाडी उडून खाली आली आणि ते पुढे गेले. बऱ्यापैकी पुढे गेल्यावर त्यांना गाडी हलकी लागली. मावशी मागे रस्त्यावर पडल्या होत्या.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. पुढचा माणूस दोन चाकांच्या मधे बसलेला असतो. मागची सीट जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर. उंचवट्यावरून चाक उडतं तेव्हा पुढच्याला त्याचा निम्मा-शिम्मा हिसका बसतो, मागच्याला पुरा. पुढच्याला उंचवटा दिसतो, तो कणभर उठतो, गुडघ्यावर झेलतो. मागच्याच्या डोळ्यांसमोर पाठ. त्यात बाई एका बाजूला पाय सोडून बसलेली. आपल्याकडे पाय डाव्या बाजूला सोडायची पद्धत आहे, म्हणजे पाठ उजवीकडे. तोल मागे गेला की ती पडते उजव्या अंगाला, जिकडून मागच्या गाड्या ओव्हरटेक करत असतात तिकडे. आणि आधी टेकतं ते डोक्याचं मागचं हाड.

इंडियन रोड्स काँग्रेसनं गतिरोधक कसा असावा ते कागदावर नीट मांडून ठेवलंय. रुंदी ३.७ मीटर, मधे उंची १० सेंटीमीटर, ताशी २५ किलोमीटरनं गेलं तर अंगाला फार न लागणारा गोल उंचवटा, अलीकडे पाटी, वर रंगाचे पट्टे. ३.७ मीटर म्हणजे एका खोलीच्या लांबीएवढा. आपल्या कॉलन्यांतले गतिरोधक बघा. दोन विटांच्या रुंदीचे. रहिवासीच वर्गणी काढून टाकतात, "मुलं खेळतात हो इथं" म्हणून. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण मुलांना वाचवायला टाकलेल्या त्या ढिगानं कुणाची तरी आजी पडते. सिंहस्थासाठी सध्या शहरभर रस्ते उकरणं आणि भरणं चाललंय. २०२७ पर्यंत गुळगुळीत होतील म्हणतात. गुळगुळीत रस्त्यांवर असे ढीग लगेच उगवतात, हा माझा अनुभव.

मावशींना उचललं अंबडच्या कंपनीतून सुटून घरी चाललेल्या दोन पोरांनी. रिक्षा थांबवली, दवाखान्यात पोचवलं आणि निघून गेली. पोलीस विचारतील या भीतीनं नावसुद्धा सांगितलं नाही. खरं तर नाव न सांगण्याचा त्यांना हक्कच होता. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४-अ आलं, त्यात मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी काहीच शेकत नाही, आणि नाव-पत्ता देण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. थांबून दोन शब्द ऐकून घेतले असते तर काकांना धन्यवाद तरी म्हणता आले असते. मे २०२५ पासून केंद्राची योजनाही आहे: रस्ते अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता. मावशींच्या वेळी ती नव्हती. तेव्हा काकांनी रात्री अकरा वाजता भाच्याला फोन करून पैसे मागवले होते.

मावशी वाचल्या. चालतात, बोलतात, हरिपाठ पाठ आहे. त्यांचा फक्त वास गेला. डोक्याच्या मागच्या बाजूला मार बसला की मेंदू कवटीत पुढे हिसकतो आणि नाकाच्या छतातून वर जाणारे वासाचे नाजूक धागे तुटतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते पुन्हा जुळतीलच असं नाही. ज्या बाईच्या हातच्या मसाल्याचा वास जिन्यात यायचा तिला आता फोडणी करपली ते धूर दिसल्यावर कळतं. मुलानं स्वयंपाकघरात गॅस गळतीचा अलार्म बसवून दिलाय. पहिल्या पावसात आम्ही सगळ्या गॅलरीत येतो तेव्हा त्याही येतात. "आला का गं वास?" असं आम्हालाच विचारतात.

हे कुठल्याही आकडेवारीत येत नाही. त्या ना मृत, ना अपंग.

त्यानंतर मी मागच्या सीटबद्दलचं जे मिळेल ते वाचायला लागले. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातला १२३ वा नियम पूर्णपणे माझ्यासाठी लिहिलेला आहे, आणि तो मला कुणी कधी सांगितला नव्हता. मागे बसायची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला पक्की दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचं चाक निम्म्याहून कमी नाही एवढं झाकलेलं हवं, बसणाऱ्याचे कपडे त्यात अडकू नयेत म्हणून. हे तिसरं म्हणजे आपलं साडीगार्ड. नियम करणाऱ्या कुण्या सरकारी माणसाच्या डोळ्यांसमोर पदर होता, याचं मला खरंच कौतुक वाटलं.

आणि मग कॉलेज रोडला एक चक्कर मारा. नवी गाडी घरी आली की पोरं पहिल्याच आठवड्यात साडीगार्ड काढतात. लूक जातो म्हणे. मग दांडी जाते. काही गाड्यांच्या मागच्या सीटा तर अशा उंच आणि निमुळत्या, की बसणाऱ्याला पुढच्याच्या पाठीवर ओणवं व्हावं लागतं. गाडी त्याची एकट्याची असेल तर असो. पण त्याच गाडीवर तो आईला मंगळवारच्या हळदीकुंकवाला सोडतो. पदर, ओढणी, नाहीतर पावसाळ्यातला सैल सनकोट, आणि उघडं चाक. पोरगा वाईट नाही. आई मागे बसणार आहे हे गाडी सजवताना त्याच्या डोक्यात आलं नाही, एवढंच.

एका बाजूला बसू नका असं कायदा म्हणत नाही. कलम १२८ एवढंच म्हणतं की मागे एकच माणूस, आणि तोही पक्क्या बसवलेल्या सीटवर. नऊवारीतल्या आजीला दोन्हीकडे पाय टाकून बस म्हणायला मी जाणार नाही. पण पंजाबी ड्रेस आणि जीन्समधल्या मुलीसुद्धा सासरची माणसं बघतात म्हणून एका अंगावर बसतात, ते मला पटत नाही. साडीत बसायचंच तर खांदा न धरता दांडी धरावी (खांदा वळतो, दांडी वळत नाही), पदर कमरेला खोचावा, पिशवी मांडीवर न घेता हुकला द्यावी. एवढं मी शिकले, आणि गतिरोधक येण्याआधी "आलाय" असं म्हणायची अट घातली. नवरा पहिले काही दिवस अगदी बसकंडक्टरच्या सुरात "आऽलाय" ओरडायचा. आता सवयीनं नुसता डावा हात गुडघ्यावर थोपटतो.

मुलांचं मात्र मला सोपं उत्तर सापडलेलं नाही. कलम १२८ मध्ये मुलाला सूट नाही. नवरा, बायको आणि मधे चार वर्षांचं पोर म्हणजे कायद्यानं ट्रिपलसीट. केरळनं २०२३ मध्ये लहान मुलाला वगळा अशी विनंती केंद्राला केली होती, ती मान्य झाली नाही. सकाळी सातला इंदिरानगरच्या बोगद्याशी उभे राहा, शाळेला निघालेल्या बहुतेक गाड्या मग बेकायदाच ठरतील. एक पुढे उभं, एक मागे, दोन दप्तरं. २०२१ च्या जुलैपासून सिटीलिंकच्या बस सुरू झाल्या, पण त्या काही प्रत्येक गल्लीत येत नाहीत, आणि स्कूलव्हॅनचे पैसे प्रत्येकाला परवडत नाहीत. अशा बापाला दंड करणाऱ्या हवालदाराचीही मला कीवच येते. तरीही नऊ महिने ते चार वर्षं या वयाच्या मुलांसाठी केलेला नियम मला शहाणपणाचा वाटतो. तो फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे: मूल चालवणाऱ्याला पट्ट्यानं बांधलेलं हवं, त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि गाडी ताशी ४० च्या वर जाता कामा नये. झोपाळलेलं पोर एका हातानं सावरत हॅण्डल धरणारे वडील पाहिले की हा पट्टा आपल्याकडे अजून खेळण्याच्या दुकानात का मिळत नाही असं वाटतं.

एका दृश्यावर मात्र माझी कीव संपते. क्लासला निघालेला पंधरा वर्षांचा मुलगा गाडी चालवतोय आणि मागे आई बसलीय, "हळू रे बाळा" म्हणत. कलम १९९-अ नुसार इथं मुलाबरोबर पालक किंवा गाडीचा मालकही दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. मागच्या सीटवरची बाई नेहमीच बिचारी असते असं नाही.

आता विम्याचं. हा भाग कंटाळवाणा आहे, पण मला सगळ्यात जास्त राग इथंच आला.

आमचा विमा एजंट घरी येतो, चहा घेतो. त्याला मी विचारलं, "मी मागे बसलेली असताना गाडी घसरली आणि मला काही झालं, तर ही पॉलिसी काय देते?" तो म्हणाला, "वहिनी, पंधरा लाखांचं कव्हर आहे ना." कागद काढला. ते पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण मालक-चालकाला. गाडी यांच्या नावावर. "आणि मी?" तो कप खाली ठेवून कागद उलटपालट करायला लागला.

झालं असं आहे. दुसऱ्या गाडीनं धडक दिली आणि चूक तिची असेल, तर मागे बसलेली व्यक्ती त्या गाडीच्या विम्याच्या दृष्टीनं तिसरा पक्ष ठरते, तिची भरपाई तिकडून मागता येते. पण चूक आपल्याच गाडीची असेल, गाडी आपली आपण घसरली असेल, आणि पॉलिसी नुसती कायद्यापुरती, म्हणजे थर्ड पार्टीची असेल, तर फुकट बसवून नेलेल्या मागच्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये तिलक सिंग यांच्या खटल्यात हेच सांगितलं. नवरा बायकोकडून भाडं घेत नाही, म्हणजे ती फुकटचीच. पॅकेज पॉलिसी, म्हणजे गाडीच्या नुकसानीसकटचा विमा असेल तर मागचा माणूस त्यात येतो, हे विमा नियामकानं २००९ मध्ये परिपत्रक काढून कंपन्यांना बजावलंय. शिवाय मागे बसणाऱ्यासाठी वेगळं अपघात संरक्षण थोडे पैसे भरून जोडून घेता येतं. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे होतं काय, पहिल्या वर्षाचा बाकीचा विमा संपला तरी "पाच वर्षांचा आहे ना" म्हणून घरोघरी लोक निश्चिंत. मागे बसणारीनं तो कागद एकदा स्वतः वाचावा, आणि एजंटाकडून उत्तर तोंडी न घेता लेखी घ्यावं.

याच्या उलट टोकाचा एक निकाल आहे. दिल्लीतलं एक जोडपं २०१४ मध्ये मोटारसायकलवरून जाताना मोटारीच्या धडकेत गेलं. बाई गृहिणी. तिची भरपाई मोजताना तिचं उत्पन्न काय धरायचं, हा वाद वर गेला. ५ जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचे आकडे घेतले: घरातल्या बिनपगारी कामाला बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होती, पुरुष ९७. गृहिणी काही कमवत नाही हे गृहीतच चुकीचं आहे, असं त्यांनी लिहिलं आणि तिच्या कामाचं मोल लावायला सांगितलं. म्हणजे न्यायालयात तिच्या मिनिटांचाही हिशेब झाला. आमच्या घरात मात्र तिच्या डोक्यावर दीड हजार घालायला दिवाळीचा बोनस यावा लागतो.

हेल्मेट घ्यायला गेले तेव्हाही दुकानदारानं आधी एक अर्धी वाटी दाखवली. "ताई, मागे बसायला हेच चालतं, मामा सोडतात." १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवायचं दुचाकीचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे, आणि ही वाटी कान आणि डोक्याची मागची बाजू दोन्ही उघडी ठेवत होती. शिक्क्याजवळ आयएस ४१५१ हा आकडा बघितला, पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील इतका आवळला, डोकं जोरात हलवून पाहिलं. अंबाडा थोडा खाली बांधला की बसतं. विनोद करणाऱ्यांसाठी सांगितलं.

परवा आत्या आल्या होत्या, त्यांना वणीला जायचं होतं. भाचा गाडी काढून उभा. मी माझं हेल्मेट त्यांच्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, "देवीला जातेय गं, लढाईला नाही." मी म्हटलं, देवीच्या अठरा हातांत काय काय आहे ते वर गेल्यावर नीट बघून या. त्या हसल्या आणि घातलं. दिंडोरीपर्यंत गरम होतंय म्हणून कुरकुर केली म्हणे, पुढे घाटात वारा सुटल्यावर गप्प बसल्या. परत आल्यावर त्यांची तक्रार वेगळीच होती. नारळ, ओटीचं साहित्य, प्रसादाचे पेढे आणि हे एवढं मोठं भांडं, सगळं एका डिक्कीत बसत नाही. गडावर दर्शनाच्या रांगेत ते दोन तास हातात धरून उभं राहावं लागलं. "दोघांची दोन झाली, तर ठेवायची कुठं?" आत्यांनी विचारलं. याला भाच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. सायकलचं कुलूप हेल्मेटच्या पट्ट्यातून ओवून गाडीला लावता येतं असं कुणीतरी सांगितलंय. पुढच्या मंगळवारी ते करून बघणार आहोत.